पाच तारखेनंतरचे दिवस

बँकेतल्या तोर्गीनने स्क्रीन माझ्याकडे वळवली, आणि मी तांबड्यात होते. गॅसच्या मीटरवर असतो तसा अर्धगोल होता. एका टोकाला तांबडा, मध्ये पिवळा, पलीकडे हिरवा, आणि काटा तांबड्यात, पिवळ्याच्या उंबऱ्याशी येऊन थांबलेला. "घरकर्ज नामंजूर आलंय, अपा," ती म्हणाली. आवाज खाली आणून म्हणाली. पोरगी गुणाची आहे, मोठ्या बाईला आमच्या रीतीने अपा म्हणते आणि वाईट सांगायचं असलं की आवाज खाली आणते. मीही आणते. पॉलिक्लिनिकमधल्या रक्त काढायच्या खोलीत माझं निम्मं आयुष्य गेलंय. मूठ आवळा, सोडा, कापूस दाबून धरा. माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याला नातवंडं असतात, गुडघा दुखत असतो, कुणावर तरी राग असतो. आम्ही त्यातलं काहीच घेत नाही, नळीभर रक्त घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात आकडे ठेवतो. तेव्हा आकड्यांशी माझं वैर नाही. पण आजवर मी सुईच्या अलीकडच्या बाजूला होते.

"मी कुणाचं बुडवलंय ग?" मी विचारलं. "बुडवलं नाही हो. उशीर केलाय," तोर्गीन म्हणाली, "दर महिन्याला. हप्ता पाच तारखेचा, आणि तुमचा भरणा येतो कधी पंधराला, कधी विसाला. आला नाही असं एकदाही झालेलं नाही, पण वेळेवर आला असंही नाही. आमच्याकडून ते कर्जांची नोंद ठेवणाऱ्या ब्यूरोला जातं, ब्यूरो त्याचे गुण करतं, आणि मग तुम्ही शहरातल्या कुठल्याही बँकेत जा, तिथे तुमच्या आधी तुमचे गुण पोचलेले असतात." शिवाय मी आधीच दोन बँकांत विचारून आले होते, त्याच्याही खुणा पडल्या होत्या म्हणे. प्रत्येक विचारणीची खूण पडते. मग यंत्राला वाटतं, ही बाई पैशासाठी दारोदार फिरतेय. "फिरतेच आहे," मी म्हणाले. "फिरा, पण दिसायला नको," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मग तिने नखाने पिवळ्या पट्ट्यावर टकटक केलं. "हे जे छोटं कर्ज आहे ना, ते आज संपवून टाका. उरलंय किती, वर्षभराचं. उघडं, थकणारं कर्ज समोर असलं की यंत्र पुढचं वाचतच नाही. ते बंद झालं की काटा इथे येईल. तुमचा पगार आहे, पेन्शनची वर्गणी इतकी वर्षं न चुकता भरलीय. जेमतेम का होईना, बसेल." मी पर्स बंद केली आणि विचार करून सांगते म्हणाले. तिला खरंच कळेना. "यात विचार काय करायचा, अपा?"

बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, घरं गरम करणारे नळ अजून सुरू झाले नव्हते, त्यामुळे लोक उन्हाच्या बाजूने चालत होते. मी वर निघाले. अल्माटीत वर म्हणजे डोंगराकडे, खाली म्हणजे स्टेशनाकडे, याहून जास्त दिशा आम्हाला लागत नाहीत. रस्त्याकडेच्या पाटातून पाणी खाली धावत होतं आणि मी त्याच्या उलट चढत होते. यात विचार काय करायचा. खरंच, काय करायचा? आमचं घर, म्हणजे लिदिया सेर्गेयेव्नांचं घर, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या, तिथे मी भाड्याने राहतेय त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. त्या जर्मनीला लेकीकडे चालल्यात. जाण्याआधी विकायचं, आणि आधी मला विचारायचं, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली. सुरुवातीला भरायचे पैसे माझ्याकडे आहेत. उरलेल्याचं कर्ज हवं. कर्जासाठी गुण हवेत. गुणांसाठी मार्गुलानचा हप्ता संपवायला हवा. इतकं सरळ आहे हे. आणि तरी बेकरीसमोरच्या बाकावर मी बसूनच घेतलं.

मार्गुलान माझ्या बहिणीचा मुलगा. उल्मेकेन गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, दोन्ही हातांनी गुडघे धरून कोपऱ्यात बसायचा. तिचा चाळिसावा दिवस झाला, आणि त्याचे वडिलांकडचे आजोबा तल्दिकोर्गानहून आले. वडिलांनी तोवर दुसरं घर केलं होतं, पण आजोबा होते, आणि मूल बापाच्या घराण्याचं हे आमच्यात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. म्हाताऱ्याने चहा घेतला, मांसाचं ताट घेतलं, हात वर करून दुवा दिली, आणि म्हणाला, चल बाळा, टोपी घाल. मी टोपी आणायला उठलेसुद्धा. तेव्हा हा कोपऱ्यातून म्हणाला, "अपा, मी जिएन आहे ना तुमचा?" बहिणीचं मूल म्हणजे जिएन. जिएनने आजोळाकडे तीनदा काहीही मागावं आणि आजोळाने नाही म्हणू नये, अशी आमची रीत. पूर्वी घोडा मागायचे, शिकारी कुत्रा मागायचे. "आहेस की," मी म्हणाले. "मग मला ठेवून घ्या. हे माझं पहिलं." म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी म्हाताऱ्याकडे. तो मोठा माणूस होता, खरंच मोठा. चहाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "मागितलंय त्याने, आता आपल्या हातात काय राहिलं?" माझा नवरा तेव्हा अजून घरात होता. रात्री म्हणाला, विचारायचं तरी होतंस मला. खरंय, विचारायला हवं होतं. पण त्या क्षणी मला वाटलं होतं की इतक्या वर्षांत मूल न झालेल्या बाईकडे कुणीतरी प्रथमच काहीतरी मागतंय, आणि ते तिच्याकडे आहे.

दुसरं त्याने मागितलं ते नवऱ्याचं जाकीट. नवरा तोवर गेला होता, चिमकेंतला, कुणा दुसरीकडे, आणि जाताना खुंटीवरचं चामडी जाकीट विसरला होता. की मला छळायला ठेवून गेला होता, कोण जाणे. मी ते काढत नव्हते आणि बघतही नव्हते. बाजूने जाताना खांदा आखडून जायचे. मार्गुलान सोळाचा झाला आणि एका सकाळी म्हणाला, "दुसरं मागतोय. ते द्या." बाही चार बोटं लांब होती. ते घालून तो शाळेला गेला आणि खुंटी रिकामी झाली. संध्याकाळी मी तिच्यावर माझी पिशवी अडकवली. त्याला ठाऊक होतं का, तो कशासाठी मागतोय ते? मला वाटतं, होतं. मागण्याच्या मिषाने देण्याची कला त्याला कुणी शिकवली, देव जाणे.

तिसरं कोरियाचं. इथे काम नव्हतं असं नाही, पण जे होतं ते हातावरचं. आज टाईल्स बसव, उद्या कुणाची गाडी धू. पेन्शनची वर्गणी नाही, म्हणजे कागदावर पगार नाही, म्हणजे बँकेला तो दिसतच नव्हता. आणि जेवढा दिसत होता तेवढा वाईट दिसत होता, कारण विशीत या शहाण्याने मित्रांसाठी स्वतःच्या नावावर हप्त्याने फोन काढून दिले होते. एकाला लग्नात द्यायला, एकाला बायकोला द्यायला. मित्र फोनसकट पांगले. त्याला बोलायला गेले तर म्हणाला, "मागितलं अपा, नाही कसं म्हणू?" यावर मी काय बोलणार, मीच त्याला तसं वाढवलेलं. आमची सगळी जातच ही. आम्ही पैसे देताना हात आखडतो, पण नाव देताना नाही. नावाला काय लागतं, सही करायची. मग एजंटाचे आणि तिकिटाचे पैसे उभे करायची वेळ आली तेव्हा तो माझ्यासमोर बसला आणि बोटाने टेबलावरची साखर गोळा करत म्हणाला, "तिसरं मागतोय. तुमच्या नावावर काढा. हप्ता मी भरेन, तुम्ही एकही भरायचा नाही. शेवटचा भरला की येऊन तोंड दाखवीन." बँकेत गेले, तर तिथली बाई म्हणाली की तुमची काही नोंदच नाही. आयुष्यात कुणाकडून उसनं घेतलं नाही याचा मला कोण अभिमान, आणि तिला तीच अडचण. कधी घेतलंच नाही तर फेडाल की नाही हे कसं कळणार? तरी दिलं त्यांनी, पॉलिक्लिनिकच्या पगारावर, चढ्या व्याजाने. विमानतळावर मी त्याला म्हणाले, तीन संपले रे तुझे, आता काही मागता यायचं नाही. हसला. जाकीट आता त्याला नेमकं बसत होतं.

पहिलं वर्ष फोन यायचे. जहाजांना रंग देतो म्हणायचा, मग कोबीच्या शेतावर गेलो म्हणायचा. कोबी दाखवायचा, हात दाखवायचा नाही. मग गेल्या वसंतात एकदा आला तो शेवटचा. एजंटाने राहण्याचे कागद खोटे दिले होते, ते उघडकीला आलं होतं, आता लपून राहावं लागत होतं. हे सगळं त्याने हवा-पाणी सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणाला, "अपा, काही विचारू नका. हप्ता चुकणार नाही. तो संपेपर्यंत मला तुमच्याशी बोलता यायचं नाही, तोंड नाही मला." मी म्हणाले, अरे वेड्या. पण तोवर आवाज गेला होता. नंतर तो नंबर कुणा बाईचा झाला, ती कोरियनमध्ये काहीतरी गोड बोलते आणि ठेवते.

तेव्हापासून माझा महिना पाच तारखेला सुरू होतो. पाचला बँकेचा संदेश येतो की आज हप्ता आहे. सहाला येतो की हप्ता थकला आहे. मग रोज येतो, रोज जरा जास्त रागाने. मी नळ्यांवर नावं चिकटवत असते आणि खिशात फोन थरथरतो. वाटतं, आजारी असेल. वाटतं, पकडला असेल. वाटतं, जहाजाच्या शिडीवरून... मग मी जोरात म्हणते, "मूठ आवळा," आणि समोरचा म्हातारा दचकून म्हणतो, आवळलीच आहे हो बाई. आणि मग एखाद्या दिवशी, पंधराला, अठराला, तो संदेश येतो की हप्ता जमा झाला, धन्यवाद. बस, एवढंच. पण हप्त्याच्या आकड्याला मागे सुटी चिल्लर आहे आणि जमा होते ती रक्कम नेहमी वरच्या गोल आकड्याला नेलेली. लहानपणी दुकानात पाठवला की असाच यायचा, म्हणायचा, सुटे राहू देत म्हटलं त्या म्हातारीला. तोच आहे, दुसरं कोण असणार? जिवंत आहे, कामावर आहे, कुणाच्यातरी हाती पैसे पाठवण्याइतका शहाणा आहे. त्या दिवशी मी घरी येताना मनुका घेते, साय घेते, आणि दोन वाट्या मांडून चहा पिते. लाज वाटते सांगायला, पण मांडते.

आणि हे मी बंद करायचं. आपल्या हाताने बंद करायचं आणि काट्याला पिवळ्यात ढकलायचं.

व्हेनेरा माझ्यासोबत त्याच खोलीत काम करते, तातार आहे, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "इतके दिवस पाचला तूच भरून टाकायचे होतेस. मागून त्याचे आले की आले. गुणही राहिले असते आणि पोरगाही." तिला वाटतं मला हे सुचलं नसेल. अग, पैसे भरणारा आधी विचारतो ना, किती थकलंय? तिथे काहीच थकलेलं नाही असं दिसलं तर त्याला काय कळेल? की अपाने वाट बघणं सोडलं. मला वाऱ्यावर सोडून ती पुढे गेली. थकलेला हप्ता दिसतो तोवर त्याला ठाऊक आहे की इथे कुणीतरी अजून त्याच्या नावाने थांबलंय. हे मी व्हेनेराला समजावून सांगितलं, तर ती हातमोजे काढता काढता थांबली आणि म्हणाली, "तुम्ही कझाख लोक ना, सरळ म्हणून बोलणार नाही. कर्जातून बोलाल." मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

लिदिया सेर्गेयेव्नांकडे गेले तर घरात खोकी लागलेली. जमिनीवर बसून त्या वर्तमानपत्रात काचेचे पेले गुंडाळत होत्या. "बालझान, एकजण रोख देतोय," त्या म्हणाल्या. "मी त्याला नाही म्हणाले नाही, आणि हो पण म्हणाले नाही, शुक्रवारपर्यंत थांबवलंय. तू माझ्या घरात पोर वाढवलंस, मला ते दिसतं. पण माझी विमानाची तारीख ठरलीय ग, पोरी." मी म्हणाले, कळतं मला. "तो आला का कोरियाहून?" नाही म्हणाले. "मग दुसरीकडे घे की लहानसं, भाड्याने. एकट्या बाईला दोन खोल्या कशाला?" मी पेला उचलून गुंडाळायला लागले. काय सांगणार त्यांना? माझा फोन नंबर तोच राहील, त्यावर नवा पत्ता सांगता येईल, हे सगळं ठाऊक आहे. पण मला मात्र एकच दिसतं. तो कधीतरी खालच्या दाराशी येईल, तुटक्या दुसऱ्या पायरीवरून सवयीने उडी मारेल, वर येईल, बेल न वाजवता दोन बोटांनी दार वाजवेल. आणि कुणीतरी अनोळखी बाप्या बनियनवर दार उघडेल आणि विचारेल, कोण पाहिजे? इतक्या लांबून आलेल्या माणसाला हे विचारलं जाऊ नये. एवढ्यासाठी मला ते दार हवंय. भिंती त्यांच्या त्यांनी नेल्या तरी चालेल.

तेव्हा हप्त्याचा दोर एका हातात आणि दार दुसऱ्या हातात, आणि दोन्ही त्याच्याकडेच जाणारी. गुरुवारी कामावर एका बाईची शीर मला सापडेना. चाचपडत राहिले. ती म्हणाली, दुसरा हात घ्या ना, बाई. कधीकधी लोक साधंच बोलतात आणि आपण त्यात नको ते ऐकतो. शुक्रवारी सकाळी मी तोर्गीनच्या समोर जाऊन बसले आणि म्हणाले, बंद कर. तिने बंद केलं. सही इथे, सही इथे. "बघा, किती सोपं होतं," ती म्हणाली, आणि मी चक्क रडायला लागले, बँकेत, लोकांच्या रांगेपुढे. तिने कागदी रुमाल दिला. कर्ज फिटल्यावर रडणारी माणसं तिने बहुधा पाहिलेली असतात, आनंदाने रडणारी.

काटा पिवळ्यात आला. मग कागद, शिक्के, आणखी सह्या, आणि लिदिया सेर्गेयेव्नांनी खुंटीसकट, पडद्यांसकट घर दिलं. जाताना दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाल्या, सांभाळ. नळ गरम झाले. बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा पडलं. घर माझं होतं आणि मी त्यात पाहुण्यासारखी बसत होते. पाच तारीख आली, गेली. कुणी रागावलं नाही. फोन इतका गप्प की एकदा मी व्हेनेराला म्हणाले, जरा मला फोन कर बघू, वाजतो का. वाजला. बाकीच्या दिवसांत मी काय करत होते, मला आठवत नाही. एखादा माणूस नाहीसा होतो तेव्हा त्याचं काय नाहीसं होतं? आवाज आधीच गेला होता. चेहरा कोबीमागे गेला होता. उरलं होतं ते उशीर करणं, आणि ते मी विकून घर घेतलं होतं. असं वाटायचं. चहा करायचे आणि एकाच वाटीत ओतायचे.

आणि नोव्हेंबरच्या विसाला फोन खिशात थरथरला. खात्यात रक्कम जमा, म्हणे. रक्कम वाचली आणि मी नळी हातातून खाली ठेवली. गोल आकडा, वरच्या आकड्याला नेलेला. समोरच्या माणसाने विचारलं, झालं का? मी म्हणाले, नाही हो, अजून सुरूसुद्धा नाही. व्हेनेराने सुई माझ्या हातातून घेतली आणि डोक्यानेच दाराकडे खूण केली.

"करार बंद झाला, पण खातं तुमच्याच नावाचं आहे ना," तोर्गीनने समजावलं, "म्हणून पैसे तिथे पडले. त्यांना बंद झाल्याचं कळलेलं दिसत नाही. ते आपले जुन्या नंबरवर पाठवतायत." म्हणजे मागे मी एवढा जीव जाळला तो फुकटच. तो काही बघतबिघत नव्हता, किती थकलं, किती नाही. महिना झाला की मिळतील तसे पाठवत होता, बस. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असं भरून आलं की काय सांगू. दोर तुटलेलाच नव्हता. घर माझं, आणि दर महिन्याला विसाला, अठराला, त्याचं हे असं येत राहील, यंत्र माझे गुण कापणार नाही, कुणी ओरडणार नाही. याहून आणखी काय हवं? दोन्ही हात भरलेले. "राहू द्यात की मग," तोर्गीन म्हणाली. "तुमच्याच खात्यात आहेत."

राहू द्यात. माझ्या तोंडावर आलंच होतं, हो, राहू दे. आणि तेव्हा ते समोर आलं. तो कुठेतरी थंड खोलीत, मिळेल ते खाऊन, लपत, हे पैसे बाजूला काढतोय, वरची चिल्लर भरून. नसलेलं कर्ज फेडतोय. आणि ते संपेपर्यंत यायचं नाही असं त्याने ठरवलंय. तो कधी संपल्याचं मोजणार? करारात होते तेवढे महिने. की चुकलेल्या दिवसांचं व्याज म्हणून आणखी थोडे? त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी हे घेत राहिले तर तो तिकडे राहील, आणि मी इथे मनुका आणून चहा पीत बसेन. मला त्याची खूण हवी की तो हवा?

"हे परत पाठवता येतात का?" मी विचारलं. "येतात. आले त्याच वाटेने जातात," ती म्हणाली. "पण कुणी पाठवले ते मला सांगता यायचं नाही हं, तसा नियम आहे." सांगू नकोस म्हटलं. "आणि अपा, परत गेले की त्यांना कळेल. पुढच्या महिन्यात मग येणार नाहीत." हे तिने आवाज खाली आणून सांगितलं. म्हणजे पोरीला केव्हाच कळलं होतं, मी त्या शुक्रवारी का रडले ते. मी म्हणाले, नकोत यायला. ती कळफलकाकडे वळली. "कारणाची एक ओळ असते. 'जादा भरणा' लिहितात." "ती ओळ त्याला दिसते?" "दिसते ना. पैशाबरोबरच जाते." मी खुर्ची पुढे ओढली. इतका काळ त्याच्याशी बोलायला वाट शोधतेय मी, त्या कोरियन बाईला फोन लावतेय, वकिलातीच्या दारात उभी राहतेय, आणि वाट ही इथे, पैसे नाकारण्यात होती.

"लिही," मी म्हणाले. "फिटलं. दार तेच आहे. घरी ये."

तोर्गीनची बोटं थांबली. "अपा, हे कारण नाही होत."

"मग काय होतं?"

तिने स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली. मागच्या टेबलावरच्या साहेबाकडे एकदा बघितलं. मग कझाखमध्ये, एकेक अक्षर दाबत, लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं, आणि विचारलं, "खाली नाव?" मी म्हणाले, अपा लिही, पुरे. जिएनने आजोळाकडे तीनदा मागावं. आजोळाने जिएनकडे मागायची रीतच नाही आमच्यात, कुणी कधी मागितलेलं मी ऐकलं नाही. मी मागितलं. एकदाच, आणि बँकेच्या खर्चाने.

डिसेंबरची पाच गेली. वीस गेली. महिना संपला. व्हेनेरा रोज सकाळी एप्रन बांधताना माझ्याकडे बघते आणि भुवया उंचावते, आणि मी मान हलवते, नाही. "काहीच नाही?" तिने काल शेवटी विचारलंच. मी म्हणाले, काहीच नाही, पैसेसुद्धा नाहीत. म्हणजे त्याला पोचलंय. याचा दुसराही अर्थ होतो, तो मला कळतो, मी काही खुळी नाही. पण त्या अर्थाला मी घरात घेत नाही. खालची दुसरी पायरी सोसायटीने या आठवड्यात दुरुस्त करायला घेतली होती, सिमेंट-बिमेंट घेऊन माणूस आला होता. मी खाली जाऊन त्याला म्हणाले, ती राहू दे जरा, वसंतात कर. तो म्हणाला, लोक पडतील हो, अपा. मी म्हणाले, ज्याला यायचंय त्याला ठाऊक आहे.